खाजन: भरतीला बंद, ओहोटीला उघडे

थिवी स्थानक मागे पडले की कोकण रेल्वेच्या प्रवाशाने खिडकीशी बसून घ्यावे. आधी मांडवीचा पूल लागतो, मग करमळी येते, आणि पुढे जुवारी ओलांडेपर्यंत अधूनमधून सपाट शेते दिसत राहतात. त्यांच्या मध्ये कुठेतरी पाण्याचे तळे असते, कडेला चिऱ्यांचा ठेंगणा बांध असतो आणि बांधापलीकडे खारफुटीची दाट रांग असते. ‘गोवा किती हिरवा आहे’ असे म्हणून प्रवासी जेवणाचा डबा उघडतो. यांतली पुष्कळ शेते भरतीच्या वेळी शेजारच्या नदीच्या पातळीपेक्षा खाली असतात, ही गोष्ट खिडकीतून कळत नाही. ती कळते वर्तमानपत्रातून: अमुक गावाचा बांध फुटला, शेतात खारे पाणी शिरले, पीक गेले.

ही बातमी वाचून नवखा वाचक गोंधळतो. पावसाळ्यात नदीला पूर येऊन शेत बुडणे समजू शकते, पण पाऊस सरलेला, आकाश निरभ्र आणि तिथी अमावास्येची असताना शेत बुडते कसे? आणि त्याला ‘वारसा बुडाला’ असे का म्हणायचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या शेतांच्या घडणीत आहेत. या शेतांना गोव्यात खाजन म्हणतात.

खाजन म्हणजे काय

गोव्यातील नद्या आखूड आहेत. सह्याद्रीतून उतरून समुद्राला मिळेपर्यंत त्यांना शंभर किलोमीटरही मिळत नाहीत, आणि शेवटच्या टप्प्यात तर त्यांच्या पात्राला उतार जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे समुद्राची भरती नदीत कित्येक किलोमीटर आत शिरते. मोठ्या भरतीला पाण्याची पातळी ओहोटीपेक्षा सुमारे दोन मीटर वर येते आणि दिवसातून दोनदा काठची सखल जमीन खाऱ्या पाण्याखाली जाते. मुळात ही जमीन चिखल आणि खारफुटीची होती.

कोणे एके काळी इथल्या माणसांनी या दलदलीभोवती बांध घालून तिला शेतात बदलले. जेवणाच्या ताटाला कड असते म्हणून आमटी बाहेर सांडत नाही. इथे उलट, कड आहे म्हणून बाहेरचे पाणी ताटात येत नाही. हे काम किती जुने आहे याचा एक लेखी पुरावा असा, की सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटांत ‘खज्जन’ हा शब्द येतो. आज गोव्यात सतरा ते अठरा हजार हेक्टर खाजन जमीन असल्याचा अंदाज सांगितला जातो, म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्याचा साधारण विसावा हिस्सा. दिवाडी, चोडण, जुवें ही मांडवीतील बेटे आणि तिसवाडी, बार्देस, सासष्टी, फोंडा या तालुक्यांतील नदीकाठची गावे या जमिनीवर वाढली.

मानस: एकाच बाजूला उघडणारे दार

नुसता बांध घालून काम भागत नाही, कारण पावसाचे पाणी वरून पडतच असते. दोन्ही बाजू पक्क्या बंद केल्या तर शेत बाहेरच्या पाण्यापासून वाचेल आणि आतल्या पाण्यात बुडेल. त्यासाठी बांधात जागोजागी एक दार ठेवलेले असते, त्याला मानस म्हणतात. चिऱ्यांच्या भक्कम चौकटीत लाकडी फळ्यांची झडप बसवलेली असते आणि ती फक्त नदीच्या बाजूला उघडते.

घराचे दार बाहेर उघडणारे असेल तर अंगणात उभे राहून कितीही रेटले तरी ते आत जात नाही, उलट चौकटीवर अधिक घट्ट बसते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी नेमके हेच करते. जितका जोर लावते तितके दार पक्के बंद होते. सहा-साडेसहा तासांनी ओहोटी लागते, नदीची पातळी उतरते, आता आतले पाणी उंच ठरते आणि तेच झडप बाहेर ढकलून वाहून जाते. वीज नाही, मोटर नाही, पंप नाही. चंद्र दोनदा दार लावतो आणि दोनदा उघडतो.

पहिल्यांदा मानस पाहिली तेव्हा मी भरतीला पोहोचलो होतो आणि माझी निराशा झाली होती, कारण शेवाळलेल्या फळ्या आणि फटींतून झिरपणारे थोडे पाणी याखेरीज पाहण्यासारखे काही नव्हते. दुसऱ्यांदा ओहोटीला गेलो. बाहेरचे पाणी फळीच्या खालच्या कडेपर्यंत उतरेपर्यंत काहीच घडले नाही. मग दार आधी बोटभर सरकले, पुन्हा टेकले, पुन्हा सरकले आणि पाचेक मिनिटांत आतले गढूळ पाणी त्या चौकटीतून असा आवाज करत निघाले की शेजारच्याशी मोठ्याने बोलावे लागले.

मानशीच्या आतल्या अंगाला एक खोलगट तळे असते, ती पोंय. दार बंद असताना बांधातून झिरपलेले आणि पावसाने साचलेले पाणी पोंयीत थांबते आणि शेतात पसरत नाही. घरात छपराची गळती चुकवता येत नसेल तर आपण तिच्याखाली बादली ठेवतो. पोंय ही गावाची बादली आहे. तिच्यात मासळीही असते, आणि पुढचे बरेचसे भांडण त्या मासळीपायीच आहे.

एकाच जमिनीवर भात, मासळी आणि मीठ

खाऱ्या चिखलात भात कसा पिकतो, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे. उन्हाळ्यात जमीन वाळते तेव्हा मातीतले क्षार ओलाव्याबरोबर वर चढतात आणि पृष्ठभागावर पांढरी पापुद्री धरते. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ती विरघळते आणि मानशीतून बाहेर जाते. खारवलेली मासळी शिजवण्याआधी दोन-तीन पाण्यांतून काढतात, तसाच हा प्रकार. तरीही थोडा खारटपणा उरतोच, म्हणून इथे तो सोसणारे भात लावतात. त्यात सर्वांत प्रसिद्ध कोरगुट. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ हे वाण तयार केले, हे जाता जाता सांगायला हवे, कारण ‘जुने बियाणे केवळ हौसेसाठी ठेवायचे’ असे मानणाऱ्यांना ते उत्तर आहे.

ऑक्टोबरच्या सुमारास कापणी होते. त्यानंतर काही खाजनांत मुद्दाम खारे पाणी घेतात, काहींत भाजीपाला होतो, तर नेरूल, आगरवाडा, रायबंदर अशा ठिकाणी याच सखल जमिनीवर मिठागरे आहेत. पोंयीत आणि खाडीच्या फाट्यांत चोणक, काळुंद्र, शेवटे, कोळंबी आणि खेकडे मिळतात. मासळी पकडण्याची युक्तीही मानशीवरच बेतलेली आहे: ओहोटीला पाणी बाहेर धावू लागले की दाराशी निमुळते जाळे लावायचे, पाणी जाते आणि मासळी राहते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे, ओहोटीही मोठी, म्हणून पकडही मोठी. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तरही इथेच मिळते. ज्या दोन तिथींना मानशीवर सर्वाधिक कमाई होते त्याच तिथींना बांधावर सर्वाधिक जोर येतो, आणि कच्चा राहिलेला बांध पावसाविनाही त्या दिवशी फुटतो.

याला वारसा का म्हणायचे

किल्ला, देऊळ, चर्च यांना वारसा म्हटले की कोणी हरकत घेत नाही, पण चिखलाच्या शेताला हा मान द्यायला मन कचरते. इथे एक पारिभाषिक शब्द समजून घ्यावा लागेल: सांस्कृतिक भूदृश्य. माणूस आणि निसर्ग यांनी दीर्घकाळ मिळून घडवलेला प्रदेश असा त्याचा अर्थ आहे, आणि जागतिक वारशाच्या चौकटीत युनेस्कोने ही वर्गवारी १९९२ मध्ये स्वीकारली. तिच्यात एक पोटप्रकार असा आहे की जिथली जुनी जीवनपद्धती अजून चालू आहे. बालीमधील ‘सुबक’ ही पाणीवाटपाची व्यवस्था २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली ती सांस्कृतिक भूदृश्य म्हणूनच. आपल्या देशात केरळमधील कुट्टनाडच्या समुद्रसपाटीखालील शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कृषी वारसा म्हणून मान्यता दिलेली आहे.

अशा वारशाची अडचण वेगळी आहे. किल्ल्याला कुलूप लावून दहा वर्षे कोणी फिरकले नाही तर झुडपे वाढतील, एखादा बुरूज ढासळेल, पण किल्ला राहील. खाजनाला दहा वर्षे सोडले तर खाजन राहत नाही. फिलिपिन्समधील डोंगरउतारावरची भातखाचरे १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली आणि २००१ मध्ये ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेली. तिथेही देखभाल करणारे हात कमी होत चालले होते. पुढे दुरुस्त्या झाल्या, गावे पुन्हा कामाला लागली, आणि २०१२ मध्ये ती धोक्याच्या यादीतून बाहेर आली. म्हणून खाजनाच्या बाबतीत फलक लावण्यापेक्षा, रोज बांधावर कोण जाणार हे ठरवणे अधिक निकडीचे आहे.

बांधावर कोण जाणार

पूर्वी याचे उत्तर स्वच्छ होते: गांवकारी. गावाची जमीन गांवकरांच्या, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या, संस्थेची असे. ती शेते खंडाने देई, मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करी, त्या उत्पन्नातून बांध दुरुस्त करी, आणि उरलेल्यातून गांवकरांना ‘जोण’ म्हणजे वाटा मिळे. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था इतकी रुळलेली होती की १५२६ मध्ये त्यांनी गांवकारींच्या चालीरीतींची सनद लिहून काढली आणि पुढे या संस्थांना कोमुनिदाद हे नाव पडले. तिच्यावरही आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. गांवकर सोडून गावात राहणाऱ्या इतरांना, विशेषतः चिखलात उतरून बांध घालणाऱ्यांना, तिथे आवाज नव्हता.

आजच्या भाषेत सांगायचे तर गांवकारी ही एक गृहनिर्माण सोसायटी होती. गच्चीवरच्या जाहिरात फलकाचे भाडे येते, त्यातून लिफ्टची देखभाल होते. मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळकायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी दिली. हा न्याय आवश्यकच होता. पण जमीन तुकड्यातुकड्याने ज्याची त्याची झाली आणि बांध व मानस मात्र सर्वांची राहिली. त्यांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. काही गावांत हे संघ उत्तम चालतात. काही गावांत त्यांच्या सभेला कोरम होत नाही आणि भात परवडत नसल्यामुळे लिलावाचे पैसे हेच मुख्य उत्पन्न होऊन बसते. मग मानस घेणाऱ्याला मासळी वाढवण्यासाठी दार भलत्या वेळी उघडे ठेवण्याचा मोह होतो, खारे पाणी शेतात शिरते, पुढच्या वर्षी आणखी दोघे शेती सोडतात, आणि बांधाकडे पाहणारे डोळे तेवढे कमी होतात. सोसायटीने फलकाचे भाडे घ्यायचे आणि लिफ्ट बंद पडू द्यायची, असा हा हिशेब आहे. माझ्या मते खाजनाच्या प्रश्नाची गुरुकिल्ली याच एका कलमात आहे: मानशीचा पैसा आधी बांधात गेला पाहिजे.

शेतीच परवडत नसेल तर बांध हवा कशाला?

ही शंका शेतकरीच विचारतात, म्हणून ती उडवून लावता येत नाही. उत्तर असे की बांध फक्त भाताला राखत नाही. खाजनाच्या वरच्या अंगाला गावाच्या विहिरी, वायंगणाची म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची शेते, नारळाच्या बागा, घरे आणि रस्ते असतात. खारे पाणी एकदा आत मुक्काम करू लागले की त्या विहिरींचे पाणी मचूळ होत जाते. शिवाय मुसळधार पावसात, आणि त्याच वेळी भरती असेल तर, डोंगरावरून आलेले पाणी काही तास थांबायला जागा लागते. ती जागा खाजन देते. तिथे भराव टाकून इमारत उभी केली तर ते पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर जाते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र कलम घालून खाजन जमिनींचे नकाशे करावेत आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले गेले, ते याच कारणांसाठी. मात्र बांधकाम रोखणारा कायदा फुटलेला बांध बांधून देत नाही.

खारफुटी वाढली तर निसर्गाचे भलेच ना?

बांधाच्या बाहेर, होय. नदी आणि बांध यांच्यामधली खारफुटी लाटांचा मारा स्वतःवर घेते, आणि खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी बांध कसे झिजतात हे ज्या गावांनी पाहिले आहे त्यांना तिची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. बांधाच्या आत गोष्ट बदलते. पडीक खाजनात खारे पाणी राहिले की खारफुटी रुजते, तिची मुळे बांधात आणि मानशीच्या सांध्यात शिरतात, आणि काही वर्षांत तिथे जंगल उभे राहते. खारफुटी तोडण्यास कायद्याने बंदी असल्यामुळे, ज्याला पुन्हा शेती करायची आहे त्याची वाट तिथेच बंद होते. निसर्ग वाचवणारा नियम आणि शेत वाचवणारा शेतकरी असे समोरासमोर येतात. दोघेही बरोबर असतात आणि उशीर आधीच झालेला असतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुटलेला बांध बुजवणे हाच खरा उपाय आहे.

काँक्रीट का करू नये, आणि समुद्रच वाढतो आहे त्याचे काय?

जुना बांध चिखलाच्या ढेकळांचा आणि चिऱ्यांचा असतो. खेकडे त्यात बिळे करतात, एका बिळातून पाणी झिरपू लागते, दोन-चार भरत्यांत बिळाचे भगदाड होते. त्यामुळे ‘एकदाच काँक्रीट करून टाका’ ही मागणी समजण्यासारखी आहे. काही ठिकाणी ते योग्यही ठरते. पण खाली मऊ गाळ असताना वरची ताठ भिंत असमान खचते, तिला तडा जातो, आणि तडा गेलेली भिंत चिखलाच्या थापीने बुजत नाही. तिथे निविदा काढावी लागते. मानशीच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. आपोआप हलणाऱ्या लाकडी झडपेच्या जागी चाक फिरवून उचलण्याची लोखंडी फळी बसवली, की रात्री दोनच्या ओहोटीला चाक फिरवायला माणूस लागतो.

समुद्राची शंका मोठी आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग वाढतो आहे. त्यामुळे सगळी खाजने कायम टिकतील असे आश्वासन कोणी देऊ नये. पण चिखलाचा बांध दरवर्षी थापून उंच करता येतो, आणि आजवर तो तसाच वाढत आला. सांभाळलेला बांध समुद्राबरोबर काही काळ चढू शकतो. सोडून दिलेला चढत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे सगळे परके वाटू नये. रायगड जिल्ह्यातील अलिबाग-पेणचा खारेपाट याच कुळीतला आहे. तिथे मानशीला उघाडी म्हणतात, शिलोत्री नावाची बंदिस्तीची जुनी पद्धत होती, आणि १९७९ पासून राज्यात खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदा आहे. बांध फुटल्याच्या बातम्याही तिथे तशाच येतात.

पाहायला जायचे तर

जावेच. ज्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही तिच्यासाठी कोणी भांडतही नाही. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने दिवाडीला जाता येते आणि सायकल असेल तर अर्धा दिवस पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये हिरवा रंग, ऑक्टोबरमध्ये कापणी, हिवाळ्यात पाणथळीवर पक्षी, आणि मार्च ते मे या काळात मिठागरे. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथली खारफुटी पाहिल्यावर बांध नसता तर ही जमीन कशी असती याची कल्पना येते. बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येच्या सुमारास खाजनाच्या ओल्या मातीची मगर घडवून, तिला शिंपल्यांनी सजवून पूजतात. या विधीला मांगे थापणी म्हणतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात खऱ्या मगरी आहेत, तेव्हा पूजेमागे व्यवहारही आहे. तो गावाचा विधी आहे, प्रयोग नव्हे; कोणी घेऊन गेले तरच जावे आणि कॅमेरा विचारून काढावा.

बांधावर गाडी घालू नये, दुचाकीसुद्धा नाही. एका रांगेत चालावे, मानशीच्या फळीला हात लावू नये, जाळ्याजवळ थांबायचे तर जाळे लावणाऱ्याला आधी विचारावे. परतताना गावातल्या दुकानात कोरगुटाचा उकडा तांदूळ मिळाला तर घ्यावा. त्याची पेज आणि सोबत खारी मासळी हा गोव्यातला जुना सकाळचा आहार आहे. आणि निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी सर्वांत मोठी असते. पाणी उतरू लागण्याच्या थोडे आधी मानशीजवळ पोहोचावे आणि फळीच्या खालच्या कडेकडे पाहत उभे राहावे. पहिली हालचाल तिथे होते.